कळवतो

कपिल : म्हणून म्हटलं, मेलवर मेल लिहिण्यापेक्षा गाडीले किक मारू. आर्णी ते दिग्रस म्हणजे काय एवढं. तुम्ही दरवेळी माझं काम वापस पाठवता मॅडम, अन् दरवेळी एक नवीन प्रश्न. समोरासमोर बसलं की एकदाचं मिटून जाईन.

प्रेरणा : घर कसं सापडलं?

कपिल : बसस्टँडवर मोबाइलच्या दुकानात विचारलं, पी. एस. नावाचे कोणी कम्प्युटरवर काम करतात का. तो म्हणे, पी. एस. कोणी नाही, सदाशिवरावची पोरगी आहे, प्रेरणा. मले तर वाटलं होतं कोणी साहेब असन. चष्मा, टक्कल.

प्रेरणा : निराशा झाली असेल.

कपिल : नाही नाही. उलट बरं वाटलं, आपल्याच भागातलं माणूस म्हणून.

प्रेरणा : या घरी आधी कधी आलात?

कपिल : कायले? या गल्लीतच पहिल्यांदा आलो.

प्रेरणा : बरं.

विमलताई : घ्या, पोहे घ्या. गरम हायेत. आर्णीचे म्हनता, तं आर्णीत कोनाकडचे?

कपिल : डोमाजी गुरुजींचा मोठा मुलगा, काकू. कपिल.

विमलताई : डोमाजी गुरुजीचे? म्हंजे तुमी तेच नं, जे मागं—

प्रेरणा : आई, चहात साखर कमी टाक.

विमलताई : साखरीचं राहू दे. हे कामाले आले का?

कपिल : कामालेच आलो, काकू. कोठार नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, माहिती साठवायचं. कोण्या एका कंपनीचं नाही. जगातले लोक मिळून लिहितात, फुकट वापरतात. त्यात कोणीही भर घालून पाठवू शकते. पण ती आत घ्यायची का नाही, हे ठरवणारे चार-पाच लोक आहेत. तुमची मुलगी त्यातली एक.

विमलताई : ही? अन् आमाले वाटे, दिवसभर खिडकीपाशी बसून हे करते तरी काय.

कपिल : मी त्यात एक नवीन गोष्ट केली. म्हणजे कसं, मी जिनिंगमधी वजनकाट्यावर बसतो. कापसाची गाडी काट्यावर चढली की आकडा थिर राहत नाही, नुसता हलत राहते. प्रत्येक आकडा डिस्कवर लिहायचा म्हटलं तर मशीन हापते. म्हणून मी अशी टेबलं, म्हणजे माहितीचे तक्ते, बनवली जी डिस्कवर उतरतच नाहीत, नुसती मेमरीत राहतात. एकदम फास्ट. लाइन गेली तर आतली माहिती जाते, टेबलाची चौकट तेवढी राहते. ज्याले कायमचं ठेवायचं नाही, त्याच्यासाठीच आहे ते.

विमलताई : अन् ही घेऊन नाई राह्यली आत?

कपिल : आज पाच वाजता दार बंद होते काकू, यंदाच्या आवृत्तीचं. पुन्हा उघडन ते पुढच्या वर्षी. पुण्याच्या एका कंपनीनं मले लिहून दिलं, हे टेबल यंदा आत गेलं की तुम्ही आमच्याकडं. नाही गेलं तर विषय संपला. मग जन्मभर सासऱ्याच्या काट्यावर.

प्रेरणा : सासऱ्याचं जिनिंग आहे ना तुमच्या. वाईट काय त्यात?

कपिल : तुम्ही पाहिलं नाही मॅडम आमच्या मामाजींना. व्यापारी आले की माझ्याकडं बोट दाखवून सांगतात, हे आमचे काट्यावरचे जावई. मग सगळे हसतात. जेवताना रोज विचारतात, तुमच्या त्या फुकटच्या सॉफ्टवेअरचं काय झालं. बायको ताटात पाहत राहते. हे राहू द्या, तुमच्या कामाचं नाही.

प्रेरणा : नाही, सांगा. मला ऐकायला आवडतं. आई, तू जा आत.

विमलताई : जातो बाई. पोहे थंड करू नका.

प्रेरणा : तुमचा लॅपटॉप लावा इथं. बॅटरी चालते?

कपिल : बसली. काट्यावरचाच आहे हा, लाइनवरच चालते.

प्रेरणा : चालेल. आता तुमची मशीन मुख्य, माझी तिची नक्कल. मोठ्या ठिकाणी असंच असतं. एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप उतरतं, एक बंद पडली तर दुसरी असावी म्हणून. तुमच्या त्या मेमरीतल्या टेबलात काहीतरी भरा.

कपिल : गाड्याच भरतो. सवय आहे. हे घ्या, बोरगावची गाडी. ही झरीची. ही सासऱ्याची स्वतःची, हिले आम्ही थोडी जास्तच तोलतो.

प्रेरणा : माझ्याकडे उतरल्या सगळ्या. मस्त चालतं हो तुमचं.

कपिल : पाहा. मी काय म्हणत होतो. मग देऊन टाकायचं आत?

प्रेरणा : आई, किती वाजले व?

विमलताई : तीन होऊन राह्यले.

प्रेरणा : थोडं थांबा. पोहे खा.

[लाइन जाते.]

— गेली का?

— गेली. तीनला जाते आमच्याकडे, रोज.

— माझं बंद पडलं, मॅडम.

— पडणारच. माझं चालू आहे.

— खिडकी उघडू का? काही दिसत नाही.

— राहू द्या. या स्क्रीनचा उजेड पुरतो. तुमच्या मशीनमध्ये आता गाड्या किती?

— आता कायच्या. चालू होईन तेव्हा टेबल रिकामं. तसंच व्हायला पाहिजे ना ते. मी लिहिलं आहे तसं माहितीपत्रकात.

— माझ्यात सगळ्या आहेत. बोरगावची, झरीची, सासऱ्याची. वजनासकट.

— हं.

— एका मशीनला काहीच आठवत नाही. दुसरीला सगळं आठवतं. दोघी एकाच कोठाराच्या. उद्या कोणी विचारायला आलं तर कोणाचं खरं धरायचं?

— हे मले सुचलंच नाही.

— कसं सुचेल. तुमच्या काट्यावर एकच मशीन. ती विसरली की तिच्यापुरतं संपलं. विसरणाऱ्याला काय माहीत, दुसऱ्याकडे काय उरलं ते.

— एक मिनिट. हे तुम्हाले आज समजलं, का आधीपासून माहीत होतं?

— तुमचं पहिलं मेल वाचलं त्याच दिवशी.

— मग तेव्हाच काहून नाही सांगितलं? मी वर्षभर नावं बदलून राह्यलो, टिपा लिहून राह्यलो, तपासण्या वाढवून राह्यलो. तुम्ही म्हणाल्या ते सगळं केलं. अन् खरी चूक ही होती?

— ते सगळंही लागणारच होतं. प्रत्येक प्रश्न योग्य होता माझा. एक जरी चुकीचा असेल तर दाखवा.

— योग्यच होते. एकेक. सोलून काढल्यासारखे.

— शेवटचा मला आजच विचारायचा होता. तुम्ही समोर असताना. तुम्ही कधीतरी येणार, असं वाटायचं मला.

— एक सांगू? मोबाइलवाला सांगत होता, सदाशिवरावच्या पोरीचं लग्न झालं नाही अजून. तेव्हा मी मनात म्हटलं, असते एखाद्याचं नशीब. आता समजून राह्यलं, काहून नाही झालं ते. दुसऱ्याचं अडवून धरण्यात ज्याले मजा येते, त्याले कोण घरात घेईन.

— बोला अजून. लाइन यायला वेळ आहे.

— चुकलं. तोंडातून निघून गेलं मॅडम. माफ करा. सकाळपासून डोकं ठिकाणावर नाही माझं.

— असू द्या. तुम्ही आधीही चांगलंच बोलला होतात.

— आधी कधी?

— नियम सांगा. दोघींत कोणाचं खरं?

— मुख्य मशीनचं. ती रिकामी असली तरी तिचंच. नियम तोच आहे सगळीकडं.

— मग दुसरीनं काय करायचं, जिला सगळं आठवतं तिनं?

— मुख्य मशीन पुन्हा चालू झाली, अन् टेबल पहिल्यांदा उघडलं, की तिनंच दुसरीले निरोप पाठवायचा. तुझ्यातलंही पुसून टाक म्हणून. मग दोघी सारख्या.

— म्हणजे जी विसरली, तिनं दुसरीला सांगायचं, तूही विसर.

— दुसरा रस्ता नाही. नाही तर दोघी जन्मभर वेगवेगळं सांगत राहतील.

— अगदी बरोबर. हेच उत्तर आहे. लाइन आली की लिहा.

— आली पाहा. पंखा फिरला.

प्रेरणा : या. बसा.

कपिल : बसलोच आहे की.

प्रेरणा : लॅपटॉप चालू करा, लिहायला लागा. लिहिता लिहिता उत्तरं द्या. नाव काय तुमचं?

कपिल : असं काहून करता? माहीत आहे तुम्हाले.

प्रेरणा : टेबल रिकामं झालं ना. पहिल्यापासून भरावं लागतं. नाव?

कपिल : कपिल.

प्रेरणा : शिक्षण?

कपिल : इंजिनीअरिंग. यवतमाळले.

प्रेरणा : एका दमात पास झालात, का विषय राहिले होते? आमच्याकडे खरं सांगितलेलं चालतं.

कपिल : दोन राहिले होते. मॅडम, हे कशासाठी?

प्रेरणा : स्वयंपाक येतो?

कपिल : काय?

प्रेरणा : नाही येत, असं लिहिते. उभे राहा. दारापर्यंत चालून दाखवा. चप्पल घातलीय ती काढून.

कपिल : मले हे लिहायचं आहे हो. साडेतीन होऊन गेले.

प्रेरणा : म्हणूनच लवकर चाला.

विमलताई : काय लावलं व हे, प्रेरणा? पाव्हना माणूस तो.

प्रेरणा : आई, यांच्या आत्यानं चप्पल काढून चालायला लावलं होतं. एक पाय आखूड तर नाही, हे पाहायला. तू पडद्याआडून पाहत होतीस. तेव्हा का नाही म्हणालीस, पाहुणी पोरगी आहे म्हणून?

विमलताई : आपल्याच घरची पोर कशी पाव्हनी व्हईन.

प्रेरणा : चाला हो तुम्ही.

कपिल : हे घ्या. चाललो. झालं?

प्रेरणा : पुन्हा एकदा. पाठमोरे.

कपिल : मी आलतो इथं.

प्रेरणा : पाठमोरे चाला.

कपिल : मी आलतो इथं, पाहाले. तुम्हाले पाहाले.

प्रेरणा : बसा. लिहा आता. हात थांबवू नका, वेळ तुमचा जातोय.

कपिल : मले खरंच आठवत नाही. त्या हिवाळ्यात आम्ही एकेका दिवशी तीन-तीन घरं केली. पुसद, उमरखेड, दारव्हा. माय पाहे, आत्या पाहे. मी खाली पाहून पोहे खाओ.

प्रेरणा : खाली नव्हतं पाहिलं तुम्ही. तुमचे काका तुम्हाला म्हणाले, मुलीला काही विचारायचं असेल तर विचार. मुलगी कम्प्युटर शिकली म्हणतात. तुम्ही ताटली खाली ठेवली अन् मला विचारलं, मशीन अचानक बंद पडली तर माहिती कुठं जाते.

कपिल : मी विचारलं?

प्रेरणा : मी सांगितलं, डिस्कवर उतरली असेल तर राहते. नुसती मेमरीत असेल तर जाते. तुम्ही हसलात. सगळ्यांकडे पाहून म्हणालात, कम्प्युटरमधली माहिती कुठं जाईन, कम्प्युटरमध्येच राहीन. मग तुमचे काका हसले, माझे काका हसले. मग बाबा हसले. तुम्ही गेल्यावर बाबा मला म्हणाले, एवढंही येत नाही तर यवतमाळला जाऊन शिकली काय तू.

कपिल : पण तुमचं बरोबर होतं.

प्रेरणा : हो. अन् आता त्याच उत्तरावर तुम्ही पुण्याची नोकरी मागून राह्यले.

कपिल : मी लहान होतो हो. शायनिंग मारली असन लोकांसमोर. मुलं मारतात.

प्रेरणा : जाताना तुमच्या वडिलांनी चपला घालता घालता म्हटलं, कळवतो.

विमलताई : मंग नाई कळवलं. हे फोन खिशात घेऊनच फिरत. न्हाणीत जाताना माह्याजवळ देऊन जात, आला तं उचलजो म्हनून. बाजारात कोनी विचारलं, का हो सदाशिवराव, जमलं का पोरीचं, तं म्हनत, नाई म्हटलं नाई त्यायनं. कळवतो म्हनले. दिवाळीपर्यंत तेच सांगत होते लोकायले.

प्रेरणा : मग तुमच्या लग्नाची पत्रिका आली. आम्हाला नाही, शेजारच्यांना. त्यांनी बाबांना दाखवली.

कपिल : नाही म्हणून सांगायला लाज वाटते लोकांना. म्हणून कळवतो म्हणतात. सगळेच म्हणतात. तुमच्या बाबांना माहीत नव्हतं का?

प्रेरणा : माहीत होतं. म्हणूनच वाट पाहत होते.

कपिल : माफ करा मले.

प्रेरणा : कशाबद्दल? तुम्हाला तर आठवत नाही.

कपिल : तुम्ही सांगता ते खरं असन. त्याच्याबद्दल.

प्रेरणा : म्हणजे माझ्याकडून उतरवून घेतलेली माफी. ती मला नको. झालं का लिहून?

कपिल : एवढी ओळ. झालं. पाहा.

प्रेरणा : मुख्य मशीनमध्ये गाड्या भरा.

कपिल : भरल्या.

प्रेरणा : माझ्याकडे आल्या. आता पिन उपटते तुमची. उपटली. लावली. चालू करा. टेबल उघडा.

कपिल : रिकामं. तुमच्याकडं?

प्रेरणा : रिकामं.

कपिल : दोन्हीकडं सारखं. पुन्हा करू?

प्रेरणा : करा. अर्धवट लिहिताना उपटते या खेपेला.

कपिल : पाहा. दोन्हीकडं रिकामं. कुठंच काही उरलं नाही. बसलं ना मॅडम?

प्रेरणा : बसलं. स्वच्छ लिहिलंय. एवढ्या कमी ओळींत मी लिहिलं नसतं.

कपिल : खरंच म्हणता?

प्रेरणा : कामाबद्दल मी खोटं बोलत नाही. मला स्वतःलाही पाहिजे होतं हे. किती देशांतले लोक मागून राह्यले, दर आठवड्याला एखादं मेल असतं.

विमलताई : मंग देऊन टाक नं आत. काय लागते त्याले?

प्रेरणा : काही नाही. एक बटण दाबावं लागतं.

विमलताई : मंग दाब की. लेकरू अनवानी चाललं तुह्यासमोर, अजून काय पायजे? चपलाई घातल्या नाई त्यानं अजून.

कपिल : राहू द्या काकू. त्या करतील. मी पाठवून दिलं आहे मॅडम, तुमच्या मेलमधी पडलं असन. पाच वाजायला आले.

प्रेरणा : दिसलं.

कपिल : मग?

प्रेरणा : चहा घेणार?

कपिल : नको. आधी हे होऊन जाऊ द्या. तुम्ही म्हणाल्या ना, बरोबर आहे.

प्रेरणा : बरोबर आहे. चांगलं आहे. नाही म्हणण्यासारखं एकही कारण नाही माझ्याकडे.

कपिल : मग दाबा ना, प्रेरणाताई. तुमच्या पाया पडतो. वाटलं तर माझं नाव खाली टाका, तुमचं वर टाका. तुम्हीच लिहिलं म्हणून सांगा. मी कंपनीले सांगन, मी फक्त हाताखाली होतो.

प्रेरणा : नाव तुमचंच राहील. दुसऱ्याचं घ्यायची सवय नाही मला.

कपिल : बायकोले सांगून आलो, आज होऊन जाईन म्हणून. तिनं तिच्या बापाले सांगितलं. तो आज व्यापाऱ्यांना घेऊन बसला आहे घरी. मुद्दाम.

प्रेरणा : आर्णीपर्यंत जायचंय तुम्हाला. उजेड आहे तोवर निघा.

कपिल : तुम्ही नाही तरी म्हणा. नाही म्हटलं तर मी आत्ता दुसऱ्या कोणाले लिहितो. चार-पाच जण आहात ना तुम्ही. त्यातला एखादा जागा असन.

प्रेरणा : मी नाही म्हटलेलं नाही. आमच्यात रीत आहे, एकानं तपासायला घेतलं की तो नाही म्हणेपर्यंत दुसरा हात लावत नाही.

कपिल : मग घरी काय सांगू मी?

प्रेरणा : घरी बोलून घेतो आम्ही. कळवतो.

विमलताई : पोहे तसेच राह्यले तुमचे. दोन घास तरी खा, बाबू. गार झाले.

कपिल : येतो काकू.

विमलताई : या. संभायून जा, रस्ता खराब हाये.

प्रेरणा : आई, ताटली उचल.

विमलताई : चांगलं होतं नं व त्याचं काम?

प्रेरणा : एकदम चांगलं.

विमलताई : मंग तुले बरं वाटलं का आता?

प्रेरणा : किती वाजले?

विमलताई : पाच व्हाले दोन-तीन मिनिटं हायेत. खिडकी उघडली तं दिसला, अजून फाटकापाशीच उभा हाये तो. गाडी चालू करत नाई. फोन वाजून राह्यला त्याचा. आवाज देऊ का मी, वापस बोलावू का?

प्रेरणा : खिडकी लाव, ऊन येतं.

विमलताई : ऊन कुठलं आता. उचलला त्यानं फोन.

कपिल : हॅलो. हो मामाजी, निघालो. नाही, तसं नाही. काम पसंत पडलं त्यांना. हो, समोर बसूनच झालं सगळं. नाही नाही, मामाजी, नाही म्हटलं नाही त्यांनी. कळवतो म्हणले.